बोरीबंदरच्या छताखाली

१९८० साली बँकेच्या मुलाखतीसाठी मी पहिल्यांदा मुंबईला गेलो. आमच्या शिरूर अनंतपाळला रेल्वे नव्हती, आजही नाही. एस.टी.ने लातूर, तिथून बार्शी लाइटची छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून सोलापूरकडून येणाऱ्या मोठ्या गाडीत रेटारेटी, असा तो प्रवास. निघताना वडिलांनी बजावले होते, "तिथं वर बघत उभा राहू नको. खिसा सांभाळ." आणि व्ही.टी.ला उतरल्यावर मी पहिले काम केले ते वर बघण्याचे.

छत म्हणजे माळवद, एवढेच मला ठाऊक. दगडमातीच्या रुंद भिंती, सागवानी खांब, तुळया आणि डोक्यावर हातभर मातीचा थर. खोली जरा मोठी करायची म्हटली की मध्ये खांब आलाच. इथे मात्र एवढी माणसे, एवढ्या गाड्या आणि वर लोखंडाच्या कैच्या. हे सारे कशावर उभे आहे, हा प्रश्न घेऊनच मी मुलाखतीला गेलो. तिथे मला भलतेच विचारले.

उत्तर पुढे नोकरीच्या काळात हळूहळू मिळाले. या गोष्टीची सुरुवात एका माळ्यापासून होते. जोसेफ पॅक्स्टन हा बागा आणि काचघरे सांभाळणारा माणूस. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याने लोखंड आणि काचेचा 'क्रिस्टल पॅलेस' उभारला. एकाच मापाचे हजारो तुकडे कारखान्यात करायचे आणि जागेवर आणून जोडायचे, अशी त्याची रीत. त्याचे खांब आतून पोकळ होते आणि छपरावरचे पाणी त्यांतूनच खाली उतरे. पन्हाळ आणि खांब एकच!

रेल्वेला हे तंत्र हवेच होते. वाफेचे इंजिन धूर ओकणार, म्हणून छप्पर उंच हवे. रूळ आणि फलाट यांच्यामध्ये खांबांची अडगळ नको. खाली उजेडही हवा. ओतीव लोखंड, ज्याला आपण बीड म्हणतो, ते दाब सोसते पण ताण पडला की तडकते. म्हणून खांब बिडाचे आणि ताण घेणारे भाग घडीव लोखंडाचे, अशी वाटणी झाली. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकात विल्यम बार्लो या अभियंत्याने १८६८ साली मध्ये एकही खांब न घेता २४० फुटांची कमान टाकली. कमानीचे दोन्ही पाय बाहेर सरकू नयेत म्हणून फलाटाखालच्या तुळयांनीच ते बांधून ठेवले. फलाटाखाली बिअरची पिंपे साठवायचे तळघर होते आणि तिथल्या खांबांमधले अंतर पिंपांच्या मापाने ठरवले होते. माझ्यातल्या बँकवाल्याला हे फार भावले. शोभा वर, हिशेब खाली.

हेच लोखंड मुंबईतही आले. काळा घोड्याचे वॉट्सन हॉटेल पाहा. त्याचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने आणला आणि इथे जोडला. त्याचा रचनाकार रोलंड ऑर्डिश याचा सेंट पँक्रासच्या छपरातही हात होता. त्याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे मुंबईने पहिल्यांदा पाहिली. पुढे जीर्ण झाल्यावर २००६ मध्ये जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत या इमारतीचे नाव आले.

बोरीबंदरची वास्तू फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याची. काम १८७८ ला सुरू झाले आणि सुमारे दहा वर्षे चालले. राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे, १८८७ चे, निमित्त साधून तिचे नाव दिले. इथे लंडनसारखे काचेचे विराट छप्पर नाही. आपल्या उन्हात त्याखाली उतारू भाजून निघाले असते! काच आहे ती घुमटाखाली, रंगीत. दर्शनी बाजूला दगडाचा थाट, आत संगमरवर, आणि लोखंड जिन्याच्या कठड्यांत व फलाटांवर. इमारत सगळे स्टीव्हन्सच्या नावावर खपवते. पण सीताराम खंडेराव वैद्य आणि जनार्दन हे आपले लोकही त्या कामावर होते. दर्शनी भागावर नाना शंकरशेटांचा चेहरा कोरलेला आहे. तो शोधून पाहावा. घड्याळाखाली राणीचा पुतळा होता, तो हलवला गेला. १९९६ आणि मग २०१७ साली स्थानकाचे नाव बदलले. २००४ साली ते जागतिक वारसा झाले.

आता पैशाचे बोलू. जी.आय.पी. कंपनीला १८४९ च्या कराराने भांडवलावर ५ टक्के परतावा सरकारने हमीपूर्वक दिला. तोटा झाला तर भरपाई इथल्या महसुलातून, म्हणजे शेतसाऱ्यातून. आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासली, पण असा भाग्यवान कर्जदार मला भेटला नाही. रूळ विलायतेचे, इंजिने विलायतेची, नफा तिकडचा. हे ठाऊक असूनही मला ती इमारत आवडते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची वजावट करून शिल्लक काढता येत नाही.

आमच्या वाट्याला आले ते अडीच फुटी रूळ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली बार्शी लाइट सुरू केली, ती १९११ ला लातूरला पोहोचली. इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, हे त्याचे सूत्र. इथे कुणी घुमट बांधला नाही. पण आमच्या भागाचा माल आणि पंढरीचे वारकरी तिनेच वाहिले. २००८ पर्यंत तिथे मोठे रूळ आले. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच मार्गाने मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, तेव्हा टाक्यांकडे बघत उभ्या राहिलेल्या माणसांत मीही होतो.

छताविषयी माझे मत मात्र मुंबईत बदलले नाही, ते घरी बदलले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली, ती बहुतेक आपल्याच भिंती आणि माळवदाखाली. ज्या मातीने उन्हाळ्यात गारवा दिला तिनेच गाडले. आमचे घर वाचले, एक भिंत तेवढी फुगली. त्या हिवाळ्यात वडिलांनी माळवद उतरवले. तीन दिवस घमेली भरभरून माती अंगणात पडत होती. वर लोखंडी कैच्या आणि पत्रे चढले. गवंड्याने विचारले, मध्ये खांब ठेवायचा का? वडील म्हणाले, "कशाला? बोरीबंदराला कुठं असतो?" ते स्वतः मुंबईला कधी गेले नव्हते. मीच कधीतरी पत्रात लिहिले असणार.

आई मात्र त्या पत्र्यांवर कायम नाराज राहिली. उन्हाळ्यात घर तापायचे, ते एक. आणि पावसाळ्यात ती म्हणायची, "झोप बिनघोर लागती बघ, पण पाऊस आला की घरात एकमेकाचं बोलणं ऐकू येत नाही."