तांबेरा आणि वाणाची प्रतिकारशक्ति

तांबेरा, ज्यास कित्येक ठिकाणीं गेरवा म्हणतात, हा रोग गहूं व जवस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस नवा नाहीं. हवेंत दमटपणा राहिला, कीं पानांवर व खोडावर गंजासारखे फोड उमटतात आणि भरूं लागलेला दाणा पोंचट राहतो. या रोगावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोगास दाद न देणारा वाण पेरणें. परंतु अनुभव असा, कीं एखादा वाण कांहीं वर्षें निर्मळ राहतो आणि पुढें त्याच शेतांत तोच वाण तांबड्या भुकटीनें भरून जातो. मग कोणी बियाण्यास दोष देतो, कोणी जमिनीस. बीं शुद्ध व जमीन चांगली असतांहि असें कां घडतें, याचा उलगडा गेल्या ऐंशी वर्षांच्या संशोधनानें बराच झाला आहे. वाण निवडतांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो, म्हणून तो येथें थोडक्यांत देत आहों.

फ्लोर यांचे प्रयोग

या ज्ञानाचा पाया अमेरिकेच्या उत्तर डाकोटा संस्थानांत घातला गेला. तेथें हॅरल्ड हेन्री फ्लोर हे जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करीत. पिकाचा संकर करण्याची रीत जुनीच होती. फ्लोर यांनीं पिकाबरोबर रोगाचाहि संकर केला. त्यांच्या प्रयोगांत जवसाच्या ‘ओटावा’ व ‘बॉम्बे’ या दोन जाती होत्या. तांबेऱ्याचा २२ क्रमांकाचा प्रकार ओटावावर पडे, बॉम्बेवर पडत नसे. २४ क्रमांकाचा प्रकार बॉम्बेवर पडे, ओटावावर पडत नसे.

या जातींच्या संकराच्या दुसऱ्या पिढींत चार तऱ्हेचीं झाडें निघालीं : दोन्ही प्रकारांस दाद न देणारीं, फक्त पहिल्यास न देणारीं, फक्त दुसऱ्यास न देणारीं आणि दोहोंसहि बळी पडणारीं. त्यांचें प्रमाण सुमारें ९ : ३ : ३ : १ असें पडलें. तांबेऱ्याच्या दोन प्रकारांचा संकर केला, तेव्हां त्याच्या दुसऱ्या पिढीचे नमुनेहि साधारण याच प्रमाणांत विभागले गेले. सन १९४६-४७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांवरून असें ठरलें, कीं पिकांत प्रतिकाराचें जें एकेक जनुक असतें, त्याच्या जोडीचें एकेक जनुक रोगांतहि असतें. ही जोडी जुळली तरच पीक वांचतें.

दोन प्रथिनांची गांठ

जनुक म्हणजे प्रथिन घडविण्याचा आराखडा होय. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब सांखळी असून ती दुमडून तिला ठराविक आकार येतो. दोन प्रथिनांचे पृष्ठभाग एकमेकांस जुळले, तर तीं एकमेकांस चिकटतात. तांबेऱ्याची बुरशी झाडाच्या जिवंत पेशींतून अन्न शोषते व त्या वेळीं आपलीं कांहीं प्रथिनें पेशींत सोडते. झाडाच्या पेशींत पहारेकरी प्रथिनें असतात. त्यांपैकीं एखाद्यास बुरशीचें प्रथिन चिकटलें, कीं ती पेशी आपण होऊन मरते. आणि जिवंत पेशीवांचून न जगणाऱ्या बुरशीची तेथेंच उपासमार होते. गांवच्या जागल्यानें चोरास एकाच खुणेवरून ओळखावें, तसा हा प्रकार आहे. चोरानें ती खूण बदलली, कीं जागल्या जागा असूनहि चोरी होते.

हें अनुमान प्रत्यक्ष ताडून पाहण्याचें काम ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें झालें. तेथील शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं जवसाचें एक प्रतिकारक जनुक वेगळें केलें. जवसाच्या निरनिराळ्या जातींत याच जनुकाचीं दहाहून अधिक रूपें आढळतात. पुढें २००६ सालीं पीटर डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तांबेऱ्याचे सहा वंश तपासले, तेव्हां बुरशीच्या एकाच प्रथिनाचीं बारा रूपें मिळालीं. त्यांतील सात रूपें जवसाच्या पहारेकऱ्यांनीं ओळखलीं, पांच निसटलीं.

हीं प्रथिनें खरोखर एकमेकांस चिकटतात कीं काय, हें पाहण्यासाठीं १९८९ सालीं फील्ड्स व साँग यांनीं काढलेली युक्ति वापरण्यांत आली. पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्यें दोन्ही प्रथिनें घालावयाचीं. तीं चिकटलीं तरच यीस्ट वाढेल, अशी योजना असते. झाडावर जो निकाल दिसला होता, तोच यीस्टमध्यें दिसला. निसटलेलीं रूपें मोडकीं किंवा निकामी नव्हतीं. त्यांची घडण शाबूत होती, पृष्ठभागावरील कांहीं अमिनो आम्लें तेवढीं बदललीं होतीं.

शिवाय जनुकांत असे फरकच विशेष आढळले, कीं ज्यांनीं प्रथिन बदलतें. प्रथिनावर परिणाम न करणारे फरकहि जनुकांत होत असतात. पण पहिल्या तऱ्हेचे अधिक टिकले. याचा अर्थ, बदललेल्या बुरशीसच जवसावर जगण्याची संधि मिळत गेली. पिकानें नवा पहारेकरी उभा करावा व रोगानें रूप पालटावें, अशी ही शर्यत आहे.

गव्हाची स्थिति

गव्हावरील काळ्या तांबेऱ्यांतहि हेंच दिसतें. राय या धान्यापासून गव्हांत आणलेलें ‘एसआर ५०’ नांवाचें एक प्रतिकारक जनुक आहे. त्याच्या जोडीचें तांबेऱ्याचें प्रथिन २०१७ सालीं हातीं आलें. आणि त्याच्या पृष्ठभागावरील एकच अमिनो आम्ल बदलल्यानें तें पहाऱ्यांतून सुटतें, असें २०२२ सालीं सिद्ध झालें. रायपासूनच आलेलें ‘एसआर ३१’ हें जनुक जगांत फार मोठ्या क्षेत्रावर पसरलें होतें. सन १९९८ मध्यें युगांडांत त्यासहि न जुमानणारा तांबेरा आढळला. एकाच पहारेकऱ्यावर किती शेतें विसंबून होतीं, हें त्या वेळीं कळून आलें.

आपल्याकडे मैदानी प्रदेशाच्या उन्हाळ्यांत तांबेरा टिकत नाहीं. तो डोंगराळ भागांत तग धरतो व तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा येतो, हें आग्र्याचे करमचंद मेहता यांनीं दाखवून दिलें. म्हणून आपल्या शेतांतील रोगाचें मूळ शेंकडों कोस दूर असूं शकतें. महाबळेश्वर येथें गव्हाच्या तांबेऱ्याचें संशोधन केंद्र आहे, तें याच कामासाठीं.

शेतकऱ्यानें काय करावें

१. सर्व गांवानें एकच वाण पेरूं नये. निरनिराळे पहारेकरी असले, कीं एका बदलानें सर्व शिवार बुडत नाहीं.

२. दोन-तीन प्रतिकारक जनुकें एकत्र असलेला वाण मिळाल्यास तो पसंत करावा. समजा, दहा लाख बीजाणूंत एकाच्या अंगीं एका पहाऱ्यांतून सुटण्याचा बदल असला, तर दोन्ही पहारे एकदम चुकविणारा एक बीजाणु सांपडण्यास दहा लाखांच्या दहा लाखपट बीजाणू लागतील.

३. शिफारशींतून गेलेला जुना वाण केवळ संवयीनें धरून बसूं नये.

४. पेरणी फार उशिरां करूं नये. उशिराच्या गव्हास तांबेऱ्याचा उपद्रव अधिक होतो.

५. तांबेरा न पडणाऱ्या वाणावर फोड दिसल्यास तें शेत कृषि अधिकाऱ्यास किंवा कृषि विद्यापीठाच्या माणसांस ताबडतोब दाखवावें. रोगानें रूप पालटल्याची पहिली वर्दी शेतकऱ्याच्या बांधावरूनच मिळावयाची असते.

वाणाची प्रतिकारशक्ति ही एकदां मिळून कायम राहणारी मिळकत नव्हे. बांधबंदिस्तीप्रमाणें तिचीहि दरवर्षीं पाहणी करावी लागते.