विकास आराखडा आणि आपले आरोग्य : हरकत कशी नोंदवायची?

आरोग्याच्या पानावर नकाशाची गोष्ट कशाला, असे काही वाचकांना वाटेल. लहान मुलांची लस, गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या, क्षयाचा पूर्ण उपचार यांवर आम्ही या पानावर लिहीत आलो आहोत. पण वस्त्यांत काम करताना एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. क्षयाचा रुग्ण सहा महिने नेमाने गोळ्या घेतो आणि बरा होतो. त्याच घरात पुढे त्याची बहीण किंवा मुलगा खोकायला लागतो. घरात एकच खिडकी, आणि ती उघडली की समोर हातभर अंतरावर दुसरी भिंत. अशा घरात आमच्या गोळ्या अपुऱ्या पडतात.

दोन इमारतींमध्ये अंतर किती ठेवायचे, दवाखान्याला जागा कुठे द्यायची, कचरा कुठे टाकायचा, मैदान कुठे राखायचे, हे डॉक्टर ठरवत नाहीत. शहराचा विकास आराखडा आणि त्याच्यासोबतची विकास नियंत्रण नियमावली ते ठरवते. या आराखड्यावर लेखी बोलण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क आपल्या वस्त्यांत फार कमी वापरला जातो.

गोवंडी-मानखुर्दने काय शिकवले?

मुंबईचा एम पूर्व विभाग म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, देवनार. देवनारची कचराभूमी 1927 पासून तिथे आहे. जानेवारी 2016 मध्ये या कचऱ्याला मोठी आग लागली आणि धूर कित्येक दिवस वस्त्यांवर राहिला. रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याची भट्टीही याच भागात. रहिवासी न्यायालयात गेले, तेव्हा 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांत दुसरीकडे हलवायला सांगितले. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांत हाच विभाग तळाला होता.

याच विभागात रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गेलेल्या कुटुंबांसाठी वसाहती बांधल्या गेल्या. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी अशा तीन वसाहतींचा क्षयरोगाच्या दृष्टीने अभ्यास झाला. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेला हा अभ्यास 2018 मध्ये लोकांसमोर आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम 3 मीटरवर आहेत. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. पीएमजी कॉलनीत इमारतींमधले अंतर जास्त आहे. तिन्ही ठिकाणी राहणारी माणसे सारखीच, मोलमजुरी करणारी. तरीही पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचे प्रमाण पीएमजीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळले.

याचे कारण साधे आहे. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत येतात. वारा खेळता असेल तर ते पांगतात, ऊन लागले तर मरतात. कोंडलेल्या अंधाऱ्या खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. म्हणजे 3 मीटरचे अंतर ही बांधकामाची बाब वाटली, तरी ती आजाराचीही बाब आहे. नेहमीच्या नियमांनुसार इमारतींमध्ये जास्त मोकळी जागा सोडावी लागते. पुनर्वसनाच्या इमारतींना त्यात सवलत दिली गेली. सवलत कागदावर मिळाली आणि खोकला आपल्या घरात आला.

आराखड्यात असते काय?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याने प्रत्येक महानगरपालिका आणि नगरपरिषदेला विकास आराखडा करावा लागतो. वीस वर्षांतून एकदा तरी तो नव्याने तपासावा लागतो. मुंबईचा आजचा आराखडा 2034 पर्यंतचा आहे.

नकाशात जमिनीचे वेगवेगळे पट्टे दाखवलेले असतात : इथे राहायची घरे, इथे दुकाने, इथे कारखाने. यांना झोन म्हणतात. त्याशिवाय काही भूखंडांवर आरक्षण असते. आरक्षण म्हणजे ही जागा दवाखान्यासाठी, शाळेसाठी, बागेसाठी किंवा रस्त्यासाठी राखून ठेवली आहे. मुंबईच्या नकाशात सांकेतिक अक्षरे आहेत. 'डी'ने सुरू होणारी खूण म्हणजे ती सोय आज तिथे आहे. 'आर'ने सुरू होणारी म्हणजे ती पुढे व्हायची आहे. त्यानंतर 'एच' असेल तर आरोग्य, 'ओएस' असेल तर मोकळी जागा. रंग आणि खुणा शहरानुसार बदलतात, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यातली सूची आधी वाचा.

आरक्षण पडले म्हणजे दवाखाना झाला असे नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही, तर कायद्याच्या कलम 127 प्रमाणे जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण आपोआप संपते. मालक तिथे झोनच्या नियमांप्रमाणे हवे ते बांधायला मोकळा होतो. नकाशावरचा दवाखाना असा गुपचूप नाहीसा होतो. कंटेनरच्या खोलीत उघडलेला दवाखाना आज उपयोगी आहेच. पण खोली उचलली की सोयही जाते. जमीन राखली असेल तर तिच्यावर हक्क सांगता येतो.

हरकतींनी काही होते का?

होते. मुंबईच्या याच आराखड्याची तयारी सुरू असताना सध्याच्या जमीन-वापराचे नकाशे निघाले. त्यात झोपडपट्ट्यांच्या आत काय आहे ते दाखवलेच नव्हते. बालवाड्या, विहारे, नळकोंडाळी, दुकाने, काहीच नाही. नकाशावर जे नाही त्याच्यासाठी नियोजन कोण करणार? वस्त्यांत काम करणाऱ्या संघटनांनी विभागवार सभा घेऊन हा प्रश्न लावून धरला. पुढे फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप आराखडा जाहीर झाला. त्यातल्या चुकांवर साठ हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या. एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा नव्याने करायला लावला. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये आले आणि अंतिम आराखडा 1 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्या साठ हजार कागदांत आपल्या वस्त्यांचे कागद किती होते, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा.

1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे त्यात होते. तरी चवदार तळ्याचे पाणी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांबरोबर जाऊनच प्यावे लागले. कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय हातात येत नाही, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

केव्हा आणि कसे बोलायचे?

प्रारूप आराखडा झाला की कलम 26 खाली त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापून येते. हरकतीची मुदत तिच्यात दिलेली असते. कुठे ती 30 दिवसांची असते, कुठे 60. आराखडा लागू झाल्यावर मधेच एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल, तर कलम 37 खाली पुन्हा सूचना निघते आणि बोलायला एक महिना मिळतो. अशा छोट्या सूचनांकडे आपले लक्ष नसते, आणि मैदाने व दवाखाने बरेचदा इथेच जातात. दोन शिकलेल्या मुलांनी पालिकेच्या संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत अशा सूचना पाहत राहायचे, एवढे काम वस्तीने वाटून द्यावे.

'आपले घर झोपडपट्टीत, आपण कसे बोलणार?' असे बायका आम्हाला विचारतात. कायदा 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो. हरकत द्यायला घराचे कागद लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

अर्ज साधा असावा. मायना असा ठेवता येईल :

*प्रति, मा. आयुक्त / मुख्याधिकारी. विषय : प्रारूप विकास आराखड्यावर हरकत व सूचना. महोदय, आमच्या … वस्तीत अंदाजे … कुटुंबे राहतात. जवळचा सरकारी दवाखाना चालत … मिनिटांवर आहे. नकाशा पत्रक क्रमांक …, भूखंड क्रमांक … येथील दवाखान्याचे आरक्षण कायम ठेवावे. आम्हाला सुनावणीची संधी हवी आहे. नाव, पत्ता, सही, तारीख.*

चार गोष्टी विसरू नका. एक, नकाशा पत्रकाचा आणि भूखंडाचा क्रमांक लिहा, नाहीतर अर्ज कोणत्या जागेबद्दल आहे ते कळत नाही. दोन, 'आमच्यावर अन्याय होतो' एवढ्यावर थांबू नका, मोजून लिहा : किती घरे, किती गरोदर बाया, किती लहान मुले, दवाखाना किती दूर. राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण 50 हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र हवे. आपल्या भागाची लोकसंख्या त्याच्याशी ताडून पाहा. तीन, काय नको ते लिहिताना काय हवे तेही लिहा. चार, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. बोलायला मिनिटे थोडी मिळतात. म्हणून एकीने दवाखान्याचे, दुसरीने पाण्याचे, तिसरीने मैदानाचे बोलावे.

आपली वस्तीच आरक्षणाच्या जागेवर असेल तर?

ही भीती खरी आहे. बागेच्या किंवा मैदानाच्या आरक्षणावर कित्येक वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. मुंबईच्या नियमावलीत अशा जागी झोपडपट्टी पुनर्वसन करता येते, मात्र किमान 35 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम कायम ठेवला. त्यामुळे घर की मोकळी जागा असे दोनच पर्याय आपल्यापुढे कुणी ठेवले, तर ते मान्य करू नका. घरही तिथेच मागा आणि ती 35 टक्के जागा खरोखर मोकळी, सर्वांना जाता येईल अशी आहे का, तेही तपासा. पुनर्वसनाचा नकाशा समोर आला की खोलीचे क्षेत्रफळ विचारतो, तसे दोन इमारतींमधले अंतर आणि खिडकीची दिशाही विचारा.

2024 मध्ये देवनार कचराभूमीची सुमारे 124 एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. कचऱ्याच्या जमिनीतून वायू निघतो, घाण पाणी झिरपते. तिथे कुणाचेही घर बांधण्याआधी जमीन किती साफ झाली, ती कुणी तपासली, हे विचारण्याचा अधिकार तिथे जाणाऱ्यांना आहे आणि शेजारी राहणाऱ्यांनाही आहे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास जास्त थांबा. पालिकेच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचा नकाशा छापून आणा, भिंतीवर लावा आणि आपली गल्ली शोधा. जवळचे आरोग्याचे आरक्षण कुठे आहे आणि त्या जागेवर आज काय उभे आहे, ते पायी जाऊन पाहा. महिला मंडळाने ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढची सूचना निघेल तेव्हा निम्मे काम झालेले असेल.

जयभीम.