चितेगावचा टीव्ही आणि कर्जाचा डोंगर

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या दापोली-हर्णै भागात टेपरेकॉर्डर विकत घेत नसत, तो दुबई-कुवेतहून येत असे. सुटीवर आलेल्या माणसाच्या बॅगेत वर जपानी कापड आणि खाली नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन. वालिदसाहेबांना त्या बॅगेची धास्ती वाटे, कारण ईदचे गिऱ्हाईक तिथेच अर्धे संपे. परदेशी माल म्हणजेच पक्का माल, असा सर्वांचा समज होता.

तो समज मोडणाऱ्यांत महाराष्ट्रातले एक इंजिनियर होते, वेणुगोपाल धूत. वडील नंदलाल धूत साखरेच्या धंद्यातले. मुलगा पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकला. १९८२ च्या एशियाडबरोबर देशात रंगीत टीव्ही आला. पुढे धूतांनी जपानच्या तोशिबाशी तांत्रिक करार केला आणि औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर), पैठण रस्त्यावर चितेगावात कारखाना चालवला. हुनर उसने घेतले, पण काम मराठवाड्यातल्या पोरांच्या हाताला मिळाले. टीव्हीमागून वॉशिंग मशीन, फ्रीज आले. व्हिडिओकॉन हे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले.

मग २००५ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने हाती आले. नेमके तेव्हाच चपटे एलसीडी पडदे बाजारात उतरत होते. धंद्यात मुरलेल्या इंजिनियरची ही चूक मला अजून उमगत नाही. मीही एकदा फॅशन उतरलेल्या साड्यांचे गठ्ठे स्वस्तात उचलले होते; शेवटी त्या गोधड्यांना गेल्या. पण माल नगदीचा होता, म्हणून दुकान तरले.

धूतांचा पसारा बँकांच्या पैशावर होता. तेल, मोबाईल, सगळीकडे हात घातला. २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ मोबाईल परवाने रद्द केले, त्यांत यांचे २१ होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या ट्रिब्युनलपुढे गेली. देणेकऱ्यांचे दावे ६४ हजार कोटींच्या वर. २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली २,९६२ कोटींची. पुढच्या वर्षी अपिलात तीही बाजूला पडली. (व्याजाचा मसला उलेमांनी सांगावा, मी तिजारतीपुरते बोलतो.)

आमच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याकडे जुना व्हिडिओकॉन अजून आहे. परवा विचारले, विकतोस का? म्हणाला, "चाचा, चालू आहे, कशाला विकू?"