मोत्या जर्मनीला निघालाय? चार महिने आधी लागा

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून जर्मनीला निघालेली मंडळी आधी तिकिटं काढतात आणि मग कुत्र्याचं काय, असं विचारतात. क्रम उलटा हवा. रेबीजच्या बाबतीत भारत युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे सगळं गणित रक्ततपासणीवर येतं. आधी १५ अंकी आयएसओ मायक्रोचिप, मग किंवा त्याच दिवशी रेबीजची लस. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, पुस्तिकेवर कितीही शिक्के असोत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. प्रतिपिंडं दर मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजेत. मग रक्त काढल्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. अहवाल लवकर आला म्हणून मुदत घटत नाही. सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र मात्र प्रवेशाआधीच्या १० दिवसांतलंच लागतं.

पिंजरा आजच आणा, दार उघडं ठेवून त्यातच जेवू घाला. आत त्याला ताठ उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. झोपेचं औषध देऊ नका. त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकांना कित्येक विमान कंपन्या नकारच देतात.

ब्रिटनला जायचं तर कुत्रा विमानाने कार्गो म्हणूनच उतरतो, शिवाय पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांत पट्टकृमीचं औषध. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट घेतच नाही.