गंजलेला बोल्ट आणि बेताचा खर्च

खाडी आणि मिठागरे यांच्या शेजारी वसलेल्या पूनम सागरसारख्या वसाहतीत, जेथे मोटारी पावसाळ्याचे चारही महिने आवारात उघड्यावरच उभ्या असतात, तेथे चाकाचा नट जागचा हलू नये यात नवल नाही. कारण गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आट्यांमधील सूक्ष्म पोकळी भरून काढून नट जणू जखडूनच टाकतो.

अशा वेळी महागड्या विद्युत्‌यंत्राची मुळीच आवश्यकता नसते. पंचवीस सेंटिमीटरच्या पान्यावर जे काम २० किलोच्या जोराने होते, तेच ५० सेंटिमीटरच्या दांड्यावर १० किलोत होते. म्हणून मुंबईच्या नागदेवी गल्लीतून किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंची चौकाचा लांब दांडा आणि नटाच्या मापाचे सहा कोनी सॉकेट घ्यावे. बारा कोनी सॉकेट चटकन बसते खरे. परंतु ते कोपऱ्यांवरच भार देत असल्याने गंजलेल्या नटाच्या कडा गोल करून टाकते, आणि मग मालक व मेकॅनिक दोघेही हताश. नाशिकच्या टपारियाची हत्यारे या कामी पुरेशी दणकट आहेत.

आधी तारेच्या ब्रशने आटे घासावेत, गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी, चाक जमिनीवर असतानाच, नट किंचित आवळून मग सोडवावा. ‘कट्ट’ असा कोरडा आवाज आला, की जॅक लावावा.