भट्टीपासून पाणी किती पावलांवर?

कामगार कल्याण म्हटलं की आपल्याला कँटीन आठवतं, फार तर दिवाळीची मिठाई. काचेच्या कारखान्यात मात्र हा विषय पिण्याच्या पाण्यापासून सुरू होतो.

वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून काच करायची तर भट्टी १४०० ते १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. मोठ्या भट्ट्या संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाहीत, त्या वर्षानुवर्षं अखंड चालतात. मध्येच थंड केल्या तर आतली काच गोठते, विटांना तडे जातात. म्हणजे यंत्र थांबलं म्हणून माणूस टेकला, असं इथं होत नाही. त्याला बसवायचं तर त्याच्या जागी दुसरा उभा करावा लागतो. विश्रांतीची खोली बांधणं त्यामानानं सोपं, एकदाच खर्च. बदली माणूस रोज लागतो. माझ्या मते ही इथली पहिली कल्याण-सुविधा, आणि नेमकी हीच कुणी सुविधा म्हणून मोजत नाही.

पाण्याचंही तेच. एवढ्या उष्णतेत तहान लागायची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात जायला हवं. आता नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा आहे, तो बघता बघता घट्ट होतोय आणि नळ आवाराच्या दुसऱ्या टोकाला. कोण जाणार?

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानं यातलं बरंच लिहून ठेवलं होतं. पिण्याचं पाणी आणि हातपाय धुण्याची सोय प्रत्येक कारखान्यात. पण उन्हाळ्यात गार पाणी २५० हून जास्त कामगार असले तरच मिळायचं. कँटीनलाही तोच आकडा होता. जेवणाची नि विश्रांतीची खोली १५० च्या वर होती. (जेवणाची खोली ही चैन नव्हे हो, वाळूची नि सोड्याची धूळ डब्यात पडू नये म्हणून ती लागते.) पाळणाघर, ३० हून जास्त स्त्रिया असल्या तर असायचं. मोठ्या कारखान्यांसाठी हे ठीक होतं. पण ४० माणसं असलेल्या भट्टीसमोर अंग कमी भाजतं का?

आणि फिरोजाबादला गेलात तर हे आकडेही हातून निसटतात. आपल्याकडे कासाराच्या दुकानात दिसणाऱ्या कितीतरी काचेच्या बांगड्या उत्तर प्रदेशातल्या या गावच्या. कारखान्यात काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळतात, तिचे वेढे कापतात. पुढचं काम, म्हणजे टोकं सरळ करणं आणि ज्योतीवर जोडणं, मोठ्या प्रमाणात घराघरांत होतं. बायका जमिनीवर बसून ते करतात. पंखा लावायचा नाही, ज्योत हलते. मूल शेजारीच खेळत असतं. पैसे नगावर, मध्ये ठेकेदार. इथं बायकांची मोजणी कोण करणार, आणि पाळणाघर कुणाकडे मागायचं?

अशा मजुरांना कायद्यात आणणं अशक्य मात्र नाही. विडी कामगारांचं उदाहरण आपल्याला जवळचं. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. १९७६ साली विडी कामगारांसाठी वेगळा कल्याण निधी आला, त्याचे पैसे तयार विड्यांवरच्या उपकरातून गोळा व्हायचे. बाई कुठल्या छपराखाली बसते हे त्यात आड आलं नाही.