तवंग मोजायचा कसा?

गडचांदूर हे सिमेंटचे गाव. ट्रकची वर्दळ कायमची, आणि पावसाळ्यात अशा रस्त्याकडेच्या डबक्यांवर रंगीत तवंग दिसतो. चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर तेल एक मायक्रॉन जाडीने पसरले तर 5 चौरस मीटर पाणी झाकते. त्यामुळे नुसत्या नजरेने तेलाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

त्यातून प्रत्येक तवंग तेलाचा नसतो. सुरजागडसारख्या लोहखनिजाच्या मुलखात, लोहयुक्त पाणी जिथे पाझरून साचते, तिथे लोहजीवाणू हुबेहूब तसाच चकाकणारा पापुद्रा धरतात. त्यात काडी फिरवून पाहावी. जीवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकडे होऊन फुटतो. तेलाचा तवंग फाटतो आणि लगेच पुन्हा सांधतो. रसायनाचा थेंबही न लागणारी ही पहिली परीक्षा.

नेमके प्रमाण काढणे मात्र जिकिरीचे. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा आहे. त्यासाठी प्रयोगशाळेत पाण्यात आम्ल घालतात, मग हेक्झेन ओतून खूप हलवतात. तेल हेक्झेनमध्ये उतरते. हेक्झेन उडवून मागे उरेल त्याचे वजन करायचे. पद्धत भरवशाची, पण हेक्झेन चटकन पेट घेते, त्याची वाफ दीर्घकाळ हुंगली तर मज्जातंतूंना इजा होते, आणि ते बनते खनिज तेलापासूनच! तेल शोधायला तेलाचाच भाऊबंद पाण्यात ओतायचा, हे खटकणारच. पूर्वी वापरात असलेले फ्रेऑन-113 तर ओझोनच्या थराला मारक निघाले आणि 1987च्या माँट्रियल करारानंतर मागे पडले.

द्रावकाशिवायची एक वाट गाळणीची आहे. जेमतेम 10 मिलिलिटर पाणी सिरिंजने खास पटलातून दाबून काढतात. तेल पटलात अडकते. पटल वाळवून त्यातून अवरक्त किरण सोडले की तेलातले कार्बन-हायड्रोजनचे बंध ते शोषतात; जितके शोषण, तितके तेल. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेने डी7575 या क्रमांकाने ही पद्धत प्रमाणित केली आहे.

दुसरी वाट प्रकाशाची. अतिनील किरण पडताच डिझेल-ऑइलमधले वलयाकार रेणू उजळतात, म्हणून वाहत्या पाण्यातही जागच्या जागी मोजणी होते. मात्र खानावळीतले खाद्यतेल या उपकरणाला जवळपास दिसतच नाही. जहाजांवरची काही यंत्रे तेलाच्या थेंबांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात ती तशीच बसवली, तर पाण्यातली कोळशाची भुकटीही तेलाच्या खात्यात जमा होईल. म्हणून उपकरण ज्या पाण्यावर बसवायचे, त्याच पाण्याच्या नमुन्यांवर आधी हेक्झेनच्या जुन्या पद्धतीशी ताडून घ्यावे लागते.